नावापुढचा अ.पा.क.

भावाला पीककर्जाचं नूतनीकरण करायचं होतं, म्हणून गेल्या महिन्यात मी मोबाइलवर १५ रुपये भरून आमच्या गटाचा सातबारा काढला. निफाड तालुक्यातलं आमचं वावर, त्यात द्राक्षबाग. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, शाळेत इतिहास शिकवते. उतारा नीट वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. खातेदारांच्या रकान्यात आईचं नाव होतं, भावाचं होतं, त्याखाली माझं. आणि माझ्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मी आज ४५ वर्षांची आहे.

वडील १९८९ साली गेले. मी ९ वर्षांची, भाऊ ६ वर्षांचा. वारस नोंद झाली तेव्हा आम्हा दोघांच्याही नावापुढे तो शेरा लागला, आणि ते बरोबरच होतं. भावाला पुढे सोसायटीचं कर्ज काढायचं होतं, तेव्हा त्याने दाखला जोडून त्याचा शेरा कमी करून घेतला. माझ्या शेऱ्यामुळे कुणाचं काहीच अडलं नाही, म्हणून तो राहिला. तलाठ्याच्या दप्तरात मी अजून ९ वर्षांचीच आहे.

कायद्याच्या मराठीत १८ वर्षांच्या आतल्याला ‘अज्ञान’ म्हणतात आणि १८ पूर्ण झालेल्याला ‘सज्ञान’. ही मर्यादा १८७५ च्या कायद्यापासून चालत आली आहे. या ‘अज्ञान’चा ज्ञानाशी संबंध नाही. पाढे पाठ असोत की नसोत, अज्ञान माणूस स्वतः सही करू शकत नाही, त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी करतं, एवढाच त्याचा अर्थ. वय आपोआप वाढतं, शेरा मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, मग फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, पडतो. उतारा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला कॉलेजात वाचलेला एक छोटा निबंध आठवला.

डिसेंबर १७८३ मध्ये योहान फ्रिडरिख त्सोल्नर नावाच्या एका धर्मोपदेशकाने बर्लिनच्या मासिकात एक लेख लिहिला. विषय लग्नाचा होता; लग्नाला धर्मसंस्थेची मोहोर हवी असं त्याचं म्हणणं. त्या लेखाच्या एका तळटीपेत त्याने विचारलं, की प्रबोधन प्रबोधन म्हणतात ते नेमकं आहे तरी काय? सगळे हा शब्द वापरतात, पण याचं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. त्या तळटीपेला पुढच्या वर्षी दोन तत्त्वज्ञांची मोठी उत्तरं आली, एक मोझेस मेंडेल्सोनचं आणि एक इमॅन्युएल कांटचं. कांट तेव्हा ६० वर्षांचा होता, क्योनिग्सबर्गमध्ये शिकवत होता. मला आठवलेला निबंध त्याचाच, आणि उत्तर त्याच्या पहिल्याच वाक्यात आहे. माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या ‘उनम्यूंडिगकाइट’मधून बाहेर पडणं म्हणजे प्रबोधन.

या जर्मन शब्दाशी इंग्रजी अनुवादक झटापट करतात, कुणी अपरिपक्वता म्हणतं, कुणी परावलंबन. मूळ शब्द कोर्टकचेरीतला आहे. जो वयात आलेला नाही, ज्याच्या वतीने पालक बोलतो, त्याची अवस्था. निफाडच्या तलाठ्याला हा शब्द एका क्षणात कळेल. आपल्याकडे प्रबोधन म्हणतात, ज्ञानोदय म्हणतात. अहमदनगरला १८४२ मध्ये मिशनऱ्यांनी काढलेल्या पत्राचं नावही ‘ज्ञानोदय’च होतं. दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण एकात माणूस झोपेतून जागा होतो आणि दुसऱ्यात सूर्य उगवतो. सूर्य उगवायला आपल्याला काही करावं लागत नाही. कांटच्या म्हणण्यात एक कंटाळवाणं, किचकट काम आहे, जे ज्याचं त्यालाच करावं लागतं. कमी पडतं ते धैर्य, बुद्धी नव्हे, असं तो बजावून सांगतो. सज्ञान होणं हाच त्याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द आहे असं मला वाटतं.

त्या निबंधात एक वस्तू येते, आणि तिला मराठीत अगदी नेमकं नाव आहे: पांगुळगाडा. पालकमंडळी आपल्या पाळीव जनावरांना आधी मुकी करतात, पांगुळगाड्याबाहेर एक पाऊल टाकू देत नाहीत, आणि मग एकटं चालण्यात किती धोका आहे ते त्यांना दाखवतात, असं कांट म्हणतो. पुढे त्याचं म्हणणं असं, की धोका खरं तर तेवढा मोठा नसतो, दोन-चार वेळा पडलं की चालता येतं. आमच्या पडवीत लाकडी पांगुळगाडा होता, तीन चाकांचा, दांडीला रंगीत लाकडी मणी ओवलेला. भावाने तो सोडल्यावरही आई बरीच वर्षं तो पुसून ठेवायची.

आता आबांबद्दल लिहिते. आबा म्हणजे माझे मोठे काका. वडील गेल्यावर कागदावर आमची पालनकर्ती आई होती. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यातही तसंच आहे, वडील आणि त्यांच्यानंतर आई. प्रत्यक्षात बागेची खरड छाटणी एप्रिलात कधी लावायची, गोडी छाटणी ऑक्टोबरात कधी, माल कुणाला द्यायचा, कर्ज किती उचलायचं, हे आबा ठरवायचे. आई तेव्हा २९ वर्षांची होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. आबा ओसरीवर बसायचे, आई दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची, आणि मधे मी.

एकदा सोसायटीचे कागद आले होते. आईने विचारलं, “एवढं कर्ज कशाला, मागचंच फिटलं नाही.” मी ते ओसरीवर जाऊन सांगितलं. आबा रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत. म्हणाले, “आईला म्हणावं, काय बोलायचं ते बोल, पण सही कर.” मी आत जाऊन शब्दाला शब्द सांगितला. आईने पेन मागितलं.

कांटच्या निबंधात प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या तोंडचं म्हणून एक वाक्य आहे: वाद घाला, हवा तितका आणि हवा त्यावर, पण आज्ञा पाळा! ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून टाकलं होतं. मला आबांचा आवाज ऐकू आला होता.

आबांनी आमचं वाईट केलं नाही, हे इथे स्पष्ट लिहायलाच हवं. बाग टिकली ती त्यांच्यामुळे. मला नाशिकला कॉलेजात घातलं त्यांनीच, गावातली इतर माणसं नको म्हणत असताना. म्हणूनच ते पालकत्व कुठे संपायला हवं होतं हे कुणाला कळलं नाही, मलाही नाही. १७९३ च्या एका निबंधात कांटने लिहिलं आहे, की बाप जसा लेकरांचं भलं पाहतो तसं प्रजेचं भलं पाहणारं सरकार ही कल्पना करता येईल अशी सर्वांत मोठी जुलूमशाही होय. सरकारबद्दलचं हे वाक्य मी घराबद्दल वाचते. भलं करणाऱ्याच्या विरोधात अर्ज कसा द्यायचा?

आणि मुलीने तर आणखीच कसा. गावाकडच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. बहिणीने सातबाऱ्याचा विषय काढला, की घरात एकदम शांतता पसरते. हिस्सा मागायला आली का? मग कुणीतरी हळूच हक्कसोडपत्राचं बोलतं, भाऊबीजेचं बोलतं, माहेर तुटण्याचं बोलतं. माझ्या भावाने असं कधीच केलं नाही, पण मी विषयच काढला नाही, मग त्याला ते करायची वेळ तरी कशी येणार? घर शांत राहावं म्हणून मी २७ वर्षं तो विषय टाळला, आणि शेरा तसाच राहिला. अज्ञान राहण्याची दोन कारणं कांट देतो, आळस आणि भित्रेपणा. मला तिसरंही दिसतं. ज्यांच्यावर माया आहे त्यांच्यासमोर आपण कुणी वेगळे आहोत हे उच्चारायची लाज.

तरी त्याच वर्षांत माझ्या नावाचा एक कागद मी स्वतः सही करून मिळवला होता. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे सावानाचं, सभासदकार्ड. सावाना १८४० पासून चालू आहे, म्हणजे माझ्या आजीच्या आजीलाही सभासद होता आलं असतं, कुणी होऊ दिलं असतं तर. त्या कार्डावर पालकाचा रकाना नव्हता. कांट ज्याला विवेकाचा सार्वजनिक वापर म्हणतो, तो त्याच्या मते वाचकांच्या जगात होतो. माणूस लिहितो, अनोळखी माणसं वाचतात, पटलं नाही तर उलट लिहितात. वाचनालयाच्या टेबलापाशी मला कुणी विचारलं नाही, की तू कुणाची. गावी पहिला प्रश्न तोच असतो.

मे महिन्यातल्या संध्याकाळी गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरायची, अजूनही भरते. तिकीट नाही, ओळख नाही, घाटावर आलेला कुणीही बसून ऐकू शकतो. मी आणि माझी मैत्रीण व्याख्यान संपल्यावर रविवार कारंजापर्यंत वाद घालत चालायचो. कांटबद्दल मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. ज्या पटांगणात ऐकलं त्याच्या नावाचा विचार मात्र माझ्या मनात फार उशिरा आला.

यशवंतराव महाराज म्हणजे देव मामलेदार. यशवंत महादेव भोसेकर, सटाण्याचे मामलेदार, इंग्रज सरकारचे नोकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि लोकांना वाटून टाकला, सव्वा लाखाहून अधिक रुपये असं सांगतात. पुढे १८८७ मध्ये ते नाशिकला वारले. घाटावर त्यांचं मंदिर आहे, सटाण्याला त्यांची यात्रा भरते. मामलेदाराची पूजा करणारा दुसरा मुलूख मला ठाऊक नाही.

कांटच्या हिशोबाने मात्र त्यांनी चूक केली. तो विवेकाचे दोन वापर सांगतो. हुद्द्यावर बसून केलेला तो खासगी वापर, आणि तिथे बंधन चालेल. शिपायाने हुकूम मानावा, करदात्याने कर भरावा, धर्मोपदेशकाने नेमून दिलेलं शिकवावं. पण तोच शिपाई, तोच धर्मोपदेशक वाचकांपुढे लिहायला बसला, की त्याला पूर्ण मोकळीक हवी. शिपाई लढाईतल्या हुकुमावर रणांगणात वाद घालणार नाही, नंतर त्यातल्या चुका छापून दाखवील. समाज चालू राहील आणि विचारही थांबणार नाही, अशी ही घडी आहे. तिच्यात शहाणपण आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. प्रत्येक मामलेदार आपल्या मनाने खजिना उघडू लागला, तर पुढच्या दुष्काळाला खजिनाच उरणार नाही. कांटने सांगितल्याप्रमाणे भोसेकरांनी दुष्काळ-धोरणाच्या चुकांवर उत्तम लेख लिहायला हवा होता. तो छापून येईपर्यंत बागलाणातली माणसं मेली असती.

गोष्टीचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. तपासणीला साहेब आले, तिजोरी उघडली, रक्कम पुरी भरली. इथे मी अडखळते. भाविकांचं मन दुखवायचं नाही, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण या चमत्कारामुळे त्या माणसाने केलेलं धाडस झाकलं जातं. तिजोरी भरणारच असेल तर ती उघडायला धैर्य कशाला लागतं? मी मनाशी धरते, की तिजोरी रिकामी होती आणि ती रिकामी असणार हे माहीत असूनच ते किल्ली घेऊन उठले होते. त्या रूपात ते मला जास्त पूजनीय वाटतात.

घडी घालणाऱ्या कांटलाही पुढे तिच्यात अडकावं लागलं. फ्रेडरिक १७८६ मध्ये गेला, नवा राजा आला, धर्मावरच्या लिखाणाला लगाम बसला. ऑक्टोबर १७९४ मध्ये धर्मावरच्या त्याच्या ग्रंथाबद्दल राजाच्या नावाने कडक ताकीद आली. आता तर तो विद्वान म्हणून वाचकांपुढेच लिहीत होता, म्हणजे त्याच्याच नियमाने पूर्ण मोकळा. तरी ७० वर्षांच्या कांटने लेखी वचन दिलं, की आपल्या महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून मी धर्मावर बोलणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. कांटचं म्हणणं पडलं, की वचन ‘या’ महाराजांचा प्रजाजन म्हणून दिलं होतं, ते संपलं. पुढच्या वर्षी त्याने तो सगळा पत्रव्यवहार पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकला. कुणी याला पळवाट म्हणतात. मला तो दाराआड उभ्या असलेल्या माझ्या आईसारखा वाटतो. सही केली, पण शब्द मनात धरून ठेवला.

माझ्या वर्गात ही घडी रोज मांडली जाते. पाठ्यपुस्तक नेमलेलं आहे, ते मी शिकवते, आणि त्याला माझी तक्रार नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मराठीच्या उत्तरपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. गेल्या वर्षी सहकारी आजारी होत्या म्हणून त्या उत्तरपत्रिका तपासायला मी घेतल्या. ४० मुलांचं स्वमत एकच होतं, स्वल्पविरामासकट. गाईडमध्ये ‘स्वमत’ या मथळ्याखाली छापलेलं उत्तर त्यांनी पाठ केलं होतं. माझ्याऐवजी विचार करणारं पुस्तक विकत मिळत असेल, तर मी कशाला कष्ट घेऊ, असं कांटने त्या आळशी माणसाच्या तोंडी घातलं आहे. एकीने वेगळं लिहिलं होतं. मोडकं, दोन ओळींचं, शुद्धलेखनाच्या चुका असलेलं. मी तिला बोलावलं तर ती घाबरत म्हणाली, “मॅडम, गाईड घरी राहिलं होतं.” मी तिला पूर्ण गुण दिले. तिला चूक नेमकी काय झाली हे कळेना, आणि बरोबर नेमकं काय झालं हे मला पुरेसं सांगता आलं नाही. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

कांटशी माझं सगळ्यात मोठं भांडण ‘स्वतःच ओढवून घेतलेल्या’ या शब्दांवरून आहे. ते पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दगडी दरवाजासमोर उभं राहिलं की सुरू होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. मिरवणूक आली तेव्हा दरवाजे बंद होते. एप्रिलात रथाच्या दिवशी दगडफेक झाली. आंबे दिंडोरीचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड, यांनी इथे सारं सांभाळलं, आणि हे सुमारे ५ वर्षं चाललं. त्या माणसांना कुठला आळस होता, कुठला भित्रेपणा? ती रोज अर्ज देत होती, उन्हात, मार खाऊन, आणि अर्ज घेणारं कुणी नव्हतं. पालकांनी जनावरं मुकी केली हे कांटने ओळखलं होतं, तरी दोष शेवटी जनावराच्या माथी ठेवला. १७९७ च्या ग्रंथात तर मोलकरी, घरगडी आणि सगळ्या बायका यांना त्याने मत नसलेले, निष्क्रिय नागरिक ठरवलं. त्यांच्या उताऱ्यावरचा शेरा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला.

पण काळारामाची गोष्ट तिथे संपत नाही, आणि म्हणून कांट मला पूर्ण सोडताही येत नाही. १९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं, की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण हा सत्याग्रह केला नाही. त्यांना जाग यावी, आपल्या स्थितीचं भान यावं म्हणून केला. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याला, त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मी ते वाक्य आता अशा अर्थाने वाचते, की ज्याने दार उघडायचं नाही असं ठरवलंय त्याच्याकडे अर्ज करणं आजपासून बंद. शेरा कमी करा म्हणून त्या दिवशी कुणाला विनवलं गेलं नाही. आणि पुढचं पाऊल उचलायला त्यांनी घाईही केली नाही. नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली २१ वर्षं वाचण्यात, तपासण्यात, वाद घालण्यात गेली.

मग मी गावी गेले. दाखला आणि आधार घेतलं, अर्ज लिहिला. भावाला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, मलाच आधी सुचायला हवं होतं.” मग आईला सांगितलं. ती आता ६५ ची आहे, आबा जाऊन ११ वर्षं झाली. तिने उतारा हातात घेतला, चष्मा लावला, आणि बराच वेळ माझ्या नावाची ओळ पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझं नाव आता खोडणार?”

मी सांगितलं, तुझं तुझं वेगळं आहे, ते तसंच राहतं, हे फक्त माझ्या नावापुढचं. तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, “पालनकर्ती म्हणून तेवढं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं माझं.”

मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, “चल, मीही येते भाऊसाहेबांकडं.” तलाठ्यांच्या टेबलासमोर डोक्यावरचा पदर सावरून ती उभी राहिली, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, “माझी मुलगी सज्ञान आहे. तिचा शेरा काढायचाय.” आयुष्यात पहिल्यांदा मी तिला सरकारी माणसाशी थेट बोलताना पाहिलं.

फेरफाराची नोटीस निघाली आहे. हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. आज नववा दिवस आहे.